सड्यावरची एक हाक

आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत परदेशातली एक पोरगी काही महिने मदतीला आली होती, त्या पावसाळ्यातलं हे सांगतो. ती राहायची माझ्याच घरी. मुलगे मुंबईत, खोल्या रिकाम्या. गुरुजी म्हणाले, "आबा, तुमच्याकडे सोय होईल," मी म्हटलं, होईल. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस. शाळेने मला काही दिलं नाही, पण शाळेसाठी कोणी दारात आला आणि मी नाही म्हटलं, असं गावात कोणी दाखवून द्यावं.

ती पगार घेत नाही हे कळल्यावर मी विचारलं, "तुमच्याकडे शाळा नाहीत काय?"

"आहेत."

"मग तिकडून तुला हाकलली?"

"नाही आबा. मीच आले." मराठी तोडकंमोडकं, पण 'आबा' म्हणायची तिची एक तऱ्हा होती. शेवटचा 'बा' वर उचलायची, काही विचारल्यासारखा. गावात तसं दुसरं कोणी म्हणत नसे.

पोरांना गाणी शिकवणं, चित्रं काढून घेणं, खिचडीच्या आधी हात धुवायला लावणं ही तिची कामं. आणि जी पोरं यायची बंद झाली त्यांच्या घरी जाऊन त्यांना परत आणणं. ह्या शेवटच्या कामात ती अडली. दारात उभी राहून ती एकदाच हाक मारायची आणि गप्प वाट बघायची. त्यांच्याकडे ती रीत. आमच्याकडे एका हाकेला कोणी ओ देत नाही. भर दुपारी नाही, तिन्हीसांजेला नाही, धुक्यात तर नाहीच. माणूस असतो तो दुसऱ्यांदा हाक मारतो. जे माणूस नसतं त्याला एकदाच मारता येते. वाडीतल्या बायका चुलीपाशी बसून तिची हाक ऐकत होत्या आणि ही बाहेर अंगणात भिजत होती.

मी तिला सांगितलं, "दोनदा मारायची. आणि तुला कोणी एकदाच मारली तर ओ द्यायची नाही, तिकडे जायचं नाही."

"आणि त्या माणसाचा घसा बसला असेल तर?"

"तर तो जवळ येईल. त्याला पाय आहेत."

ती हसली. पण दुसऱ्या दिवसापासून दोनदा हाक मारू लागली, आणि दारं उघडू लागली.

पलीकडच्या वाडीतली एक मुलगी मात्र अजून येत नव्हती. घरी धाकट्या भावाला सांभाळायची. आमच्या शाळेच्या आणि त्या वाडीच्या मध्ये सडा आहे, म्हणजे नुसता कातळ, पावसाळ्यात वर हातभर गवत. त्यात जुन्या चिरेखाणी. चिरे कापून नेले आणि खड्डे तसेच टाकले. कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ, आत पुरुष-दोन पुरुष पाणी. कठडा नाही, दोरी नाही. उजेडात ठीक, पण धुकं उतरलं की पुढच्या पावलाला कातळ आहे की पाणी, ते पाय टाकल्यावरच कळतं.

त्या दिवशी आमची पाहुणी त्या मुलीला आणायला दुपारी सडा ओलांडून गेली आणि तिच्या मागून धुकं उतरलं. शाळा सुटली तरी ती आली नाही. गुरुजी माझ्या पडवीत आले, तोंडावरचा रंग गेलेला. कोल्हापूरकडचे माणूस, सड्याची सवय नाही. बरोबर शाळेत खिचडी शिजवणारी बाई होती, ती आमच्याच वाडीतली.

"आबा, फोन लागत नाही तिचा. वाडीत फोन केला, तिथून ती कधीच निघालीय."

आम्ही तिघं वर गेलो. मी पुढे, काठी कातळावर आपटत. तो आवाज लांब जातो. गुरुजी तिचं नाव घेऊन ओरडणार तेवढ्यात मी दटावलं, "नाव घेऊ नका. धुक्यात घेतलेलं नाव दुसरं कोणीतरी उचलतं."

"काय बोलताय आबा, माणूस हरवलंय."

"म्हणूनच बोलतोय."

गुरुजी माझ्या मागे चालू लागले. गवताचा आवाज, आमच्या पायांचा आवाज, काठीचा आवाज. आणि मग डाव्या हाताला, खाणीच्या बाजूने, हाक आली.

"आबाऽ"

'बा' वर उचललेला. तिचाच आवाज.

गुरुजी ओ द्यायला वळले तसा मी त्यांच्या तोंडावर पंजा ठेवला. बाई जागच्या जागी खाली बसली आणि तिने पदर दातात धरला. आम्ही दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिलो. पाऊसही थांबल्यासारखा झाला होता. दुसरी आली नाही.

गुरुजींनी माझा हात झिडकारला. "ती पाण्यात असेल. तुमच्या असल्या खुळापायी पोरगी मरेल."

"तिला मी शिकवलंय. ती असती तर दोनदा मारली असती."

"आणि नाकातोंडात पाणी गेलं असेल तर?"

खरंच ती असेल तर मी तिला उभ्या उभ्या मारत होतो, हे मला कळत होतं. तरी माझे पाय हलले नाहीत. गुरुजी निघाले तेव्हा हलले, कारण त्या माणसाला एकटं सोडता येत नव्हतं. मी त्यांचा शर्ट मागून मुठीत धरला आणि तसाच चाललो. म्हणून वाचले. त्यांचा पुढचा पाय कडेवरून गेला, ते गुडघ्यावर आपटले, आणि मी त्यांना मागे ओढलं.

खाली पाणी. त्यावर एक तरंग नाही. काठाच्या गवताला कुणाचा पाय लागलेला नाही.

तेवढ्यात पाठीमागून, बरोबर उलट्या बाजूने, "आबा! आबा!" आणि लगेच पुन्हा, "आबा! आबा!"

आम्ही धावत गेलो. करवंदीच्या जाळीला पाठ लावून ती पायवाटेवर बसली होती, छत्री मिटून मांडीवर. मला बघून रडली, आणि रडता रडता रागावली.

"तुम्ही मला हाक मारली. तिकडून, खाणीकडून. एकदाच मारली. मी उठले होते. मग तुम्ही सांगितलेलं आठवलं आणि बसले. काठी ऐकली तेव्हाच मी हाका मारल्या."

"त्याआधी मारली नव्हतीस?" गुरुजींनी विचारलं.

"नाही. मला भीती वाटत होती."

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. सड्यावर पाऊल ठेवल्यापासून मी कोणालाही हाक मारली नव्हती, हे गुरुजींना आणि बाईला माहीत होतं.

"हो," मी तिला म्हटलं. "मीच मारली."

"एकदाच?"

"एकदाच. विसरलो."

मग जी काय तिने माझी खरडपट्टी काढली, अर्धी तिच्या भाषेत, अर्धी आमच्या. दुसऱ्यांना शिकवता आणि स्वतः विसरता, मी मेले असते. आयुष्यात असलं मी कोणाचं ऐकून घेतलेलं नाही, बापाचंसुद्धा नाही. त्या दिवशी मान खाली घालून ऐकलं. म्हाताऱ्याच्या विसराळूपणाला कोण घाबरतं? दुसरं काही सांगितलं असतं तर ती पुन्हा सड्यावर चढली नसती, आणि ती मुलगी राहिली असती भावाला काखेत घेऊन.

उतरताना गुरुजी तिच्याबरोबर पुढे होते. बाई माझ्या शेजारी आली आणि हळूच म्हणाली, "आबा, आपन आयकली ती तिची नाय. तिने आयकली ती तुमची नाय. मग वर हायत किती?"

"खाली बघून चाल," मी म्हटलं.

दोन दिवसांनी ऊन पडलं तशी ती पुन्हा निघाली. निघताना मला बोट दाखवून म्हणाली, "आज हाक मारू नका, आबा."

"नाही मारत," मी म्हटलं, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पडवीत उभा राहिलो.