चार गाण्यांतली बाई

भाताची रोवणी लागली की सिंदेवाहीकडचा एक कासार बांधावर बांगड्यांची पेटी टेकवून बायांची तीच तीन गाणी ऐकत बसायचा आणि मला सांगायचा,

"गुरुजी, तिन्ही गाण्यांत एकच बाई हाये. पह्यल्यात आठ बांगड्या, मंग पाच, मंग दोन. वाटेनं बांगड्या वाढवत, फुटल्या म्हनू नये, माहेरी चालून राह्यली. पोचल्याचं गाणं कुठी तरी असनच."

बाया हसायच्या. मी तर मास्तर, जास्तच हसायचो.

एकदा नदीपल्याडच्या नव्या सुनेनं तिच्या गावचं गाणं म्हटलं. रिकाम्या हातांची बहीण दारात येते, भाऊ तिला कोपरापर्यंत चुडा भरतो.

"पोचली!" कासार ओरडला, पेटीसकट चिखलात उतरला आणि दिसेल त्या हातात हिरवी बांगडी भरत सुटला.

बायांनी चारही गाणी त्याच्या क्रमानं पुन्हा धरली. ती माहेरी पोचेपर्यंत कुणी थांबलं नाही. मीसुद्धा.