डावखुऱ्या हाताची सावली

वाकडा पत्रा दिसला की तो सरळ केल्याशिवाय मावशीला चैन पडत नसे. शेजारणीच्या डब्याचं पिचकलेलं झाकण असो, नाहीतर दवाखान्यातला चेपलेला ट्रे, हात शिवशिवायचेच. चाळीस वर्षं तिने पत्र्याचे डबे आणि पेट्या केल्या, आणि पेट्यांवर मालकाचं नाव रंगवता यावं म्हणून पत्र्यात अक्षरं कोरून दिली. त्याच अक्षरांवरून तिच्या भाचीने तीन वर्षं खपून एक फॉन्ट बनवला होता. आज अकराला वाहतूक खात्याची माणसं तो बघायला येणार होती. पसंत पडला तर शहरातल्या एकूण एक बसथांब्यावर मावशीची अक्षरं. नाही पडला तर भाचीची तीन वर्षं पाण्यात.

फॉन्ट जन्मला कसा हे दाखवायला भाचीने प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिल्प टांगलं होतं, सावल्यांचं. दोऱ्यांवर चुरगळलेल्या पत्र्याच्या चाळीस पट्ट्या, समोर दिवा. पाहुण्याने हँडल फिरवायचं, पट्ट्या गरगरायच्या, भिंतीवर सावल्यांचा नुसता गुंता व्हायचा. आणि एका जागी तो गुंता जुळून छाती फुगवलेलं कबूतर दिसायचं, मग त्याच कबुतराचा, डावं पोट फुगलेला ‘घ’ व्हायचा!

साडेदहाला भाची चहा सांगून परत आली, तर मावशी लाकडी मोगरी खाली ठेवून घाम पुसत होती.

“झालं गं बाई. टेम्पोवाल्याने पार चेपून आणल्या होत्या पट्ट्या.”

भाचीने वर पाहिलं. चाळीसच्या चाळीस पट्ट्या फुटपट्टीसारख्या सरळ.

“मावशी...”

“आभार मानू नकोस. घरचंच काम.”

“मावशी, त्या वाकड्याच हव्या होत्या! एकेक मोजून वाकवली होती मी! तीन आठवडे!”

“मुद्दाम?” मावशीला खरंच पटेना. “चांगला पत्रा, मुद्दाम वाकडा?”

भाचीने हँडल फिरवलं. भिंतीवर तुरुंगाचे गज उमटले. ती हसायला लागली, आणि हसता हसता मटकन खालीच बसली. तिला असं हसताना पाहून मावशीने मोगरी पायानेच कोपऱ्यात सरकवली. चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाचं काम बिघडवलं नाही, आणि बिघडवलं ते हिचं!

“पुन्हा वाकवू?”

“अर्ध्या तासात?”

“मग मी करायचे तसं तरी दाखवते. ऊठ, तो दिवा इकडे घे. इकडे म्हणजे माझ्या उजवीकडे!”

काचेखाली मांडायला मावशीने पुठ्ठ्याचे जुने नमुने आणले होते. त्यातला ‘घ’ तिने उजव्या हातात दिव्यासमोर धरला. भिंतीवर काळाकुट्ट ‘घ’ पडला.

“कोणी म्हणायचं वीतभर अक्षर दे, कोणी म्हणायचं हातभर. दर वेळी नवीन कोण काढत बसणार? नमुना दिव्याकडे नेला की सावली मोठी, पत्र्याकडे नेला की छोटी. सावलीच्या कडेने खिळा फिरवायचा आणि कापायचं.”

भाची ताडकन उठली. “आणि त्याचं डावं पोट फुगतं ते?”

“दिवा उजवीकडे असतो ना. मी डावखुरी! दिवा डावीकडे ठेवला तर माझ्याच हाताची सावली अक्षरावर. उजवीकडून तिरका उजेड, मग सावली डावीकडे फाकते.”

“तीन वर्षं मी लोकांना सांगतेय, ते कबूतर आहे म्हणून!”

“कबूतर? दुकानात शिरलं असतं तर झाडू घेऊन मागे लागले असते मी.”

आता मात्र दोघी मनापासून हसल्या, आणि तेवढ्यात दारात वाहतूक खात्याचे साहेब. मागे वही घेतलेल्या बाई.

“शिल्प कुठंय?” साहेब गजांकडे बघत म्हणाले.

“तुमच्याच हातात येतंय,” मावशी म्हणाली आणि तिने त्यांच्या हातात ‘घ’ कोंबला. “धरा. पुढे न्या. एवढं पुढे नको, साहेब, राक्षस झाला!”

साहेबांनी ‘घ’ मागे नेला, पुढे नेला, परत मागे. ओठांच्या कोपऱ्यातून हसू निसटलंच. “बाई, तुम्ही ‘ध’ घ्या. लांबून ‘घ’ कुठला, ‘ध’ कुठला कळत नाही, इथेच सगळे फॉन्ट आपटलेत. आजी, जरा माझा ‘घ’ धरा.”

“आजी कोणाला म्हणता? वय काय तुमचं?”

“एकोणसाठ.”

“मग ताई म्हणा.”

साहेब मोठमोठ्याने पावलं मोजत मागे गेले. वीस. हॉल संपला, पाठ दाराला टेकली. चष्मा काढून खिशात टाकला, डोळे बारीक केले. भाचीने मावशीचा पदर मुठीत घट्ट धरला.

“डावीकडे घ,” साहेब म्हणाले. “जागा बदला. सांगू नका हं! आता डावीकडे ध. परत बदला!”

सात वेळा बदलली. सातही वेळा बरोबर. आठव्या वेळी मावशीने लबाडी करून बाईंच्या ‘ध’ऐवजी नमुन्यांतला दुसरा ‘घ’ धरला, तेही ओळखलं.

“लिहा, बाई,” साहेब तिथूनच ओरडले. “हाच फॉन्ट घ्यायचा. सगळ्या थांब्यांवर!”

“कशी लिहू?” बाई ओरडल्या. “सावली पाडायची माझी पाळी आत्ता कुठे आलीय, हातात ‘ध’ आहे!”

भाचीने झडप घालून वही उचलली आणि बाईंच्या डोळ्यांदेखत स्वतःच लिहायला घेतलं, वाकडंतिकडं, ओळी सोडून. मावशीचं तिकडे लक्षच नव्हतं.

“हलू नका हो बाई,” ती म्हणाली. “सावली हलते.”