बरं आहे म्हणणारा खांदा

“रोटेटर कफ टेअर,” डॉक्टर म्हणाले आणि उजेडाच्या पाटीवर लावलेल्या काळ्या फोटोवर त्यांनी पेनाचं टोक टेकवलं. रोटेटर कफ म्हणजे खांद्याच्या सांध्याला चहूबाजूंनी धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या. त्यांच्या जोरावर हात वर जातो. टेअर म्हणजे त्यातली एक फाटली. माझ्या बायकोनं, पुष्पानं, फोटोकडे पाहिलंच नाही. तिनं एवढंच विचारलं, “मंग रोटी कधी करता येईन जी?”

डॉक्टर नागपूरचेच, त्यामुळे कोणती रोटी हे त्यांना सांगावं लागलं नाही. तुम्हाला सांगतो. लंबी रोटी पोळपाटावर होत नाही. सैल पीठ उचलून उचलून आपटायचं, मग गोळा तळव्यावरून कोपरापर्यंत खेळवत लांबवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्याच्या पाठीवर अलगद टाकायचा. सगळा खेळ खांद्याचा. आमच्या खापरखेड्याकडे लग्न ठरल्याचं साक्षगंध असो की मेल्यानंतरची तेरवी, पुष्पाला बोलावणं ठरलेलं. मुलं आपापल्या गावी गेली, मी पॉवर स्टेशनातून रिटायर झालो, तिचं काम मात्र चालूच होतं. त्या मडक्यासमोर तिला कोणी हटकत नसे, मीही नाही.

दुखणं सुरू झालं तेव्हा आम्ही दोघांनीही ते मनावर घेतलं नाही. लसणाचं तेल झालं, शेकणं झालं, एका नातेवाइकानं सांगितलेला पट्टा झाला. मग तिला उजव्या कुशीवर झोपता येईना, पदर खांद्यावर घेताना तोंड वाकडं होऊ लागलं. विचारलं की उत्तर एकच, “बरं हाये.” तुमच्या घरात कोणी असं म्हणत असेल, तर माझ्यासारखं त्यावर विसंबून पेपर वाचत बसू नका.

रामदासपेठेतल्या त्या दवाखान्याच्या बाकांवर आमचे इतके दिवस गेले की कोणता पंखा आवाज करतो हेही मला पाठ झालं. खापरखेड्याहून बस, सीताबर्डीला उतरायचं, तिथून ऑटो, मग नंबर लागेपर्यंत बसून राहायचं. आधी सोनोग्राफी झाली होती. ती म्हणाली, दोरी आरपार तुटली. नंतरचा एमआरआय म्हणाला, अर्धवट फाटली. एमआरआय म्हणजे चुंबकाच्या बोगद्यात झोपवून आतले फोटो काढतात ते. खटखट आवाज फार होतो, घाबरायचं कारण नाही.

माझा वैताग मात्र वाढला. मी सारी नोकरी कंट्रोल रूममध्ये काट्यांकडे बघत काढली. एकाच बॉयलरचे दोन काटे दोन गोष्टी सांगू लागले तर आमच्याकडे धावपळ होते. इथे डॉक्टर शांतपणे म्हणाले, “काका, असं होतं. कोणत्या तपासणीवर किती भरवसा ठेवायचा, हेच आम्ही बघतोय.”

तिथे एक क्लिनिकल ट्रायल चालू होती. म्हणजे उपचारांची तुलना. अशाच खांद्याच्या काही रुग्णांचं ऑपरेशन करायचं, काहींना फक्त व्यायाम द्यायचा, आणि कोणाचं दुखणं जास्त कमी होतं ते पाहायचं. सोबत सोनोग्राफी आणि एमआरआय यांचीही तुलना. सगळं समजावून सांगायला एक तरुण डॉक्टरीण आली. वर्ध्याकडची, गोड बोलणारी. तिनं पानं वाचून दाखवली, मध्येच सोडून जायचा हक्क आहे हेही सांगितलं. पुष्पा ऐकून म्हणाली, “काहून वं माय, कोणतं औषध चांगलं हे तुमाले माहीत नाही?”

“नाही माहीत, काकू. माहीत असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता.”

हे उत्तर पुष्पाला आवडलं. आपल्याला माहीत नाही असं म्हणणारा डॉक्टर तिला पहिल्यांदाच भेटला होता. तिनं लगेच सही केली. कोण कोणत्या गटात जाणार हे कॉम्प्युटर ठरवतो, त्याला रँडमायझेशन म्हणतात. त्यात ना ओळख चालते ना वशिला. पुष्पाच्या वाट्याला व्यायाम आला. माझं तोंड उतरलं. मला वाटलं, खरा उपचार दुसऱ्यांना गेला आणि आमच्या पदरात नुसती कवायत पडली. असं तुम्हालाही वाटेल, पण ते खरं नाही. आमच्याच गटातल्या कामठीच्या एक बाई व्यायामानं इतक्या सुधारल्या की बाकावर बसल्या बसल्या हात वर करून दाखवायच्या. त्यांचं पाहून मला आनंदही व्हायचा आणि रागही यायचा.

अभ्यासासाठी दोन्ही खांद्यांची तपासणी करतात. पुष्पाच्या डाव्या खांद्यातही फाटलेलं निघालं. तो खांदा कधी दुखलाच नव्हता! मी डोक्याला हात लावला. डॉक्टरीण म्हणाली, “या वयात बऱ्याच जणांना सापडतं, काका. फोटोत फाटलेलं दिसलं म्हणजे दुखेलच असं नाही. दुखणं फोटोत येत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं.”

तेव्हा ते वाक्य मी सोडून दिलं. सगळं पुढे त्यावरच येऊन ठेपलं.

दर काही आठवड्यांनी तपासणी असायची. त्या दिवशी सगळ्यांच्या खांद्यावर एकसारखी पट्टी चिकटवत, ऑपरेशन झालेलं असो वा नसो. तपासणी तीच वर्ध्याकडची डॉक्टरीण करायची, तिला गट कळू नये म्हणून. याला ब्लाइंडिंग म्हणतात. पट्टी लावलेल्या बायका-माणसांची ती रांग पाहिली की सगळे एकाच लग्नाचे वऱ्हाडी वाटायचे. नियमही कडक होते. गट सांगायचा नाही, आणि सोबतच्या माणसानं मध्ये बोलायचं नाही. मला दोनदा सांगून झालं होतं, “काका, उत्तर काकूंनाच देऊ द्या.”

मग तो प्रश्न यायचा. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सोसवत नाही, तर तुमचं किती? पुष्पा पहिल्यांदा सात म्हणाली. पुढच्या वेळी सहा. मग पाच, मग चार. डॉक्टरीण दरवेळी हसून म्हणायची, “छान, काकू.” आणि पुष्पाही हसायची.

घरी मात्र तिच्या केसांचा अंबाडा मी बांधत होतो. तिचा हात मानेच्या मागे पोचतच नव्हता. व्यायाम ती नेमानं करायची, भिंतीवर बोटं चढवायची, रबरी पट्टा ओढायची, त्यात कुचराई नाही. पण चहाचं पातेलं उतरवताना डोळ्यांत पाणी यायचं. माझे अंबाडे सुटायचे, ती काही बोलायची नाही. मी थकलो होतो. स्वयंपाक, बस, बाक आणि तिचं “बरं हाये”, या सगळ्याला थकलो होतो.

सहाव्या महिन्याची तपासणी महत्त्वाची होती. ज्यांना व्यायामानं फरक पडला नाही त्यांना त्यानंतर ऑपरेशन मिळणार होतं. हे पुष्पाला नीट माहीत होतं. डॉक्टरणीनं विचारलं, “काकू, आता किती?”

“तीन,” पुष्पा म्हणाली.

पेन कागदावर टेकलं. कंट्रोल रूममध्ये नव्या पोरांना आम्ही एक गोष्ट शिकवायचो. जो काटा सदा ठीकच दाखवतो, त्याला टिचकी मारून बघायची, तो अडकलेला असतो. मला एवढा राग आला की नियम विसरलो.

“काल तुये केस कोणं बांधून देल्ले वं?”

पुष्पानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू पंगतीत तिच्या पानात मी हात घातला. मग खाली बघत, माझ्याकडे बोट करून म्हणाली, “यायनं.”

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. मला ओरडेल वाटलं होतं, पण ती खुर्ची ओढून पुष्पाजवळ बसली. “काकू, मग तीन का सांगितलं?”

“आता तू एवढ्या मायेनं इचारतं पोरी,” पुष्पा म्हणाली. “इतक्या महिन्यापासून माह्यासाठी मेहनत करून राहिली. दुखतेच म्हटलं तर तुले वाईट नाही वाटन का?”

पुष्पानं तिला घरच्यासारखं मानलं होतं. जेवायला बसलेल्या पाहुण्यानं भाजीत मीठ कमी आहे म्हणू नये, ही आमच्याकडची रीत. इथे डॉक्टरीण वाढणारी आणि पुष्पा पाहुणी. प्रत्येक भेटीत ती भाजी छान आहे म्हणत होती.

डॉक्टरणीचे डोळे ओले झाले, पण बोलणं सरळ होतं. “काकू, तुमचा गट मला माहीत नाही, पण तुमचा तीन मी लिहून घेतला असता तर तुमचा पुढचा उपचार राहिला असता. आणि उद्या तुमच्यासारख्याच एखाद्या बाईला आम्ही चुकीचं सांगितलं असतं. मला वाईट वाटलं तर वाटू द्या. खरं सांगा.”

 पुष्पानं पट्टीवर हात ठेवला आणि ती रडायला लागली. मी इतक्या वर्षांत तिला दुखतं म्हणून रडताना पाहिलं नव्हतं. “आठ,” ती म्हणाली. “सोसत नाही वं माय.”

मी मध्ये बोललो हे डॉक्टरणीनं तसंच नोंदवलं आणि मोठ्या डॉक्टरांनाही कळवलं. त्यांनी पुन्हा तपासून ऑपरेशनचं ठरवलं. ते दुर्बिणीनं झालं, छोट्या छिद्रांतून. नंतर हात झोळीत, मग पुन्हा तीच भिंत, तोच रबरी पट्टा. ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो असं समजू नका. खरी चिकाटी त्यानंतर लागते. ट्रायलचा निकाल अजून यायचा आहे. कोणता उपचार सरस ते मला विचारू नका, ते सांगण्यासाठीच तर ती माणसं राबत आहेत.

पुष्पाचा हात आता कानापर्यंत जातो. अंबाडा ती स्वतः बांधते, माझे अंबाडे पाहून शेजारणी हसायच्या तो त्रास संपला. रोटी पूर्वीइतकी लांब होत नाही आणि दोन-चार झाल्या की ती थांबते. याचं तिला दुःख आहे, आणि आता ती ते बोलून दाखवते. मी या ट्रायलचा आभारी आहे तो खांद्यासाठी आहेच, पण त्याहून जास्त त्या एका प्रश्नासाठी. तो आम्ही घरी आणला. संध्याकाळी चहा ठेवताना मी विचारतो, “किती वं?” ती कधी दोन म्हणते, कधी पाच. पाच म्हणाली की पातेलं मी उतरवतो.

परवा मी विचारलं, ती तीन म्हणाली. मी जरा निरखून बघितलं, खरंच तीन होता. मग कप माझ्यापुढे सरकवत तिनं विचारलं, “अन् तुमचं किती हाये जी?”

एवढ्या बसा, एवढी बाकं झाली, पण हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी बरं आहे म्हणणारच होतो. ती कपाचा कान धरून वाट बघत होती.

“सात,” मी म्हणालो.