खलास झालेली चांदी

माझ्या पायातली जोडवी चाळीस वर्षं जुनी आहेत, आणि त्याआधी ती चांदी एका ओमानी बाईच्या गळ्यात होती. हे लिहायला सोपं आहे. त्या बाईच्या नातीला सांगताना मात्र मी आधी पाय लपवले.

तेव्हा आम्ही ओमानात खाबुऱ्याला राहत होतो. आमचे हे शेतांवरचे पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. मी कोकणातून नुकती आलेली, बावीस वर्षांची, आणि जगात आपल्याला न कळण्यासारखं काही नाही अशी पक्की खात्री असलेली. भिंतीला भिंत लागून माझ्याहून वयानं मोठी एक ओमानी शेजारीण होती. तिला हिंदी यायचं, माझ्यापेक्षा बरं. मला मुलगा झाला तेव्हा ती खजूर आणि फडक्यात बांधलेली चांदीची साखळी घेऊन आली. साखळी काळी पडलेली, मधोमध जाड नाणं, नाण्यावर कुठल्याशा परदेशी राणीचं गुबगुबीत तोंड. अशी नाणी पूर्वी गलबतांतून इकडे यायची. बायका ती वितळवून नाहीतर तशीच ओवून दागिने करायच्या. आपला पुतळ्यांचा हार तरी दुसरं काय आहे? पण हे शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी नुसतं "नको, नको" करत होते. शेवटी तिनं साखळी माझ्या मुठीत कोंबली आणि म्हणाली, "खलास!"

अरबीत म्हणजे ठरलं, आता वाद नको. पण आपल्याकडे खलास म्हणजे मेलं, मोडीत निघालं. मला वाटलं, बाई सरळ आहे, माल कामातून गेलाय हे तोंडावर सांगतेय.

बारशाच्या आधी मी साखळी घेऊन मस्कतला आपल्याकडच्याच एका सोनाराकडे गेले. तो म्हणाला, "वहिनी, नाणं तरी ठेवा."

"कशाला? ही राणी काय आमच्या गावची आहे? आटवा."

त्यातून माझी जोडवी झाली आणि बाळाचे वाळे. बारशाला शेजारणीच्या मांडीवर वाळे छान वाजले. ती हसली आणि माझ्या गळ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, माझं मंगळसूत्र आवडलं तिला!

खरा अर्थ कळला तो मासळीवाल्याकडून. सुरमईचा भाव ठरल्यावर तो "खलास" म्हणाला, तशी मी सुरमई उचलून हुंगायला लागले. तो पोट धरून हसला आणि मग त्यानं समजावलं. घरी येईपर्यंत माझ्या हातातली पिशवी जड झाली होती. त्यानंतर वर्षानुवर्षं शेजारणीकडे जाताना मी पायांत मोजे घालायचे. खाबुऱ्याच्या उन्हाळ्यात मोजे! "थंडी वाजते," असं सांगायचे.

आता शेजारीण राहिली नाही. मी मस्कतमध्ये अझैब्याला मुलाकडे असते. माझा मुलगा आणि तिचा मुलगा लहानपणचे सवंगडी, अजून ईदला, दिवाळीला फोन होतात. मागच्या महिन्यात शेजारणीची नात बौशरहून मुद्दाम मला भेटायला आली. चपला दाराशी काढून समोर बसली. लग्न ठरलंय म्हणाली.

"आंटी, आजी गेल्यावर तिची सगळी चांदी आटवली. आमच्यात तशीच रीत. एक साखळी तेवढी राहिली, ती तुमच्याकडे. मागायला नाही आले. फोटो काढते, सोनाराकडून तशीच करून घेते. लग्नात आजीचं काहीतरी हवं ना अंगावर."

मी पाय सोफ्याखाली ओढले, वरून साडीचा काठ सारखा केला.

"पाय का आवळून बसलीयस?" आमचे हे कोपऱ्यातून मराठीत. "मुंग्या येतील."

"तुम्ही गप्प बसा."

खोटं तयार होतं: बँकेतल्या लॉकरमध्ये आहे, भारतात आहे. पण मग ती पोर वाट बघत बसली असती. मी पाय बाहेर काढले. "ही बघ तुझ्या आजीची साखळी." आणि सोनार, सुरमई, मोजे, सगळं सांगितलं.

ती हसेल असं मला वाटलं होतं. हसली नाही. जोडव्यांकडे बघत राहिली. "पायात, आंटी?"

"पायात."

मग मी कागद मागवला आणि साखळीचं चित्र काढून दाखवलं. कडी कशी वळलेली, फासा कसा, नाण्याला कान कुठे. आटवलेल्या वस्तूचा आकार डोक्यातून जात नाही, हे मला तेव्हा कळलं. चित्र पुरं झालं तेव्हा ती माझ्या शेजारी येऊन बसली होती.

उठून मी कपाटातून वाळे आणले. "चांदी तीच आहे. हे आटव आणि यातून घडव."

"नको, आंटी. बाळाचे आहेत."

"बाळ चाळीस वर्षांचं झालंय."

"नको, नको."

मी वाळे तिच्या मुठीत कोंबले. "खलास!"

तेव्हा कुठे ती हसली, आणि मूठ मिटली.

संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला. "आई, माझे वाळे देऊन टाकलेस?"

"पाय पुढे कर," मी म्हटलं. "मापाचे निघाले तर परत आणते."