खिशातली चिमूटभर माती

नागपूरला आमच्या वस्तीत मतदानाला जाताना अंगावरचे कपडे धुतलेले आणि इस्त्रीचेच लागत. बाबा तर आदल्या संध्याकाळीच पांढरा शर्ट खुंटीला लावून ठेवायचे. त्या सवयीपायी मी अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये असा घोळ घातला की अजून आठवलं तरी कान गरम होतात.

शेजारी आयरिश वंशाचे एक आजोबा एकटे राहायचे. नव्वदीला टेकलेले. नोव्हेंबरात नदीवरचं धुकं गल्लीत शिरायचं आणि दुपारपर्यंत रेंगाळायचं. आम्ही त्यांच्या पोर्चवर चहा घेत बसायचो आणि ते आपल्या खापरपणजोबांच्या गोष्टी सांगायचे. मी अर्धी जागी, अर्धी गुंगीत. खापरपणजोबा कापडगिरणीत कामाला होते. त्या काळी इथे ज्याच्या नावावर जमीन, त्यालाच मत. त्याविरुद्ध भूमिहीन माणसं रस्त्यावर उतरली आणि गिरणीतले आयरिश त्यांच्यात सामील झाले. सरकारने ती चळवळ मोडून काढली. पुढे इथे जन्मलेल्या भूमिहीनांना मत मिळालं, पण बाहेरून आलेल्या आयरिशांच्या गळ्यात जमिनीची अट तशीच राहिली. ऐकता ऐकता मला धुक्यातून चालत येणाऱ्या त्या माणसांच्या बुटांचा आवाज यायचा, आणि मध्येच त्यांच्यात पांढऱ्या शर्टातले बाबा दिसायचे.

माझं स्वतःचं मत कुठेच पडत नव्हतं. सिटिझनशिपचा फॉर्म सात वर्षं ड्रॉवरमध्ये होता. भारतातलं मत सोडायचं म्हणजे बाबांचा हात सोडायचा, असं वाटायचं. मतदानाच्या दिवशी आजोबांना गाडीतून नेणं एवढंच काय ते माझं काम.

त्या वर्षी आदल्या दिवशी त्यांचा जुना कोट खुर्चीवर दिसला. ते आत झोपले होते. मी कोट उचलला, पोर्चवर नेऊन झटकला, खिसे उलटे केले. उजव्या खिशातून चिमूटभर माती पडली आणि वाऱ्याबरोबर धुक्यात गेली. किती ही घाण, म्हणत मी कोट घरी नेऊन झकास इस्त्री केली.

संध्याकाळी कोट परत दिला. त्यांनी खिशात हात घातला आणि तसेच उभे राहिले.

मग हळूहळू सगळं कळलं. गिरणीतले खापरपणजोबा खिशात माती घेऊन मतदानाला गेले होते. कारकुनाने विचारलं, "जमीन आहे?" त्यांनी खिसा टेबलावर रिकामा केला. अर्थात हाकलून दिलं. ती माती त्यांनी वेचून घरी आणली, आणि तेव्हापासून त्या घरातलं माणूस ती खिशात घेऊनच मत देतं. एरवी ती एका डबीत असते. मी ती डबी पाहिली. रिकामी होती.

"उद्या राहू दे," ते म्हणाले.

"यार, आधी विचारायचं ना! पॉकेट कशाला क्लीन केलंस?" घरी आल्यावर नवरा म्हणाला. मी हुंदके देऊन रडले. दीडेकशे वर्षं जपलेली वस्तू मी एका झटक्यात उडवली होती.

सकाळी कढीपत्त्याच्या कुंडीतली माती वाटीत घेऊन गेले. "ही दुकानातल्या पिशवीतली आहे," मी खाली मान घालून म्हणाले. "तुमची नाही. माझीही धड नाही."

आजोबांनी वाटीतल्या मातीत बोट घालून पाहिलं. मग खोकला येईपर्यंत हसले. "अगं, ती तरी आमची कुठे होती! गिरणीमालकाच्या बागेतून चोरलेली."

त्यांनी चिमूटभर उचलून खिशात घातली आणि कोट चढवला. मतदान केंद्राबाहेर मी गाडीतच थांबले. काठी टेकत धुक्यात शिरणारी त्यांची पाठ मोठी होत गेल्यासारखी वाटली.

परतल्यावर ते घरी न जाता माझ्या स्वयंपाकघरात आले. खिसा उलटा करून माती कुंडीत झटकली, आणि डबी माझ्या हातात दिली.

"पुढच्या वेळी तू."

"मला इथे मत नाहीये, आजोबा."

"त्यांना तरी कुठे होतं," ते म्हणाले.

ते गेल्यावर मी कुंडीला पाणी घातलं, हात पुसले आणि ड्रॉवर उघडला.