रात्रपाळीचा नवरदेव आणि तारीखबाई

शिंप्याचा आक्षेप सगळ्यात आधी आला. पिशाच्च आरशात दिसत नाही हे लेखकानं तिसऱ्याच पानावर सांगून टाकलं, मग लग्नाचा कोट अंगावर बसला की नाही हे त्या नवरदेवानं पाहिलं कसं? "आमच्या धंद्याची थोडी तरी बूज राखायची," असं म्हणून त्यानं पुस्तक वाचनालयाच्या टेबलावर आपटलं आणि जाता जाता विचारलं, "ह्याचंच दुसरं काही आहे का हो?"

मागोमाग दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. सुळे असे रात्री लांब आणि दिवसा आखूड होत नसतात, हिरड्यांचं वाटोळं होईल, असं त्यांचं मत पडलं. निवृत्त हेडमास्तरांनी चष्मा पुसत सांगितलं, की आमच्या वेळची पिशाच्चं पिशाच्चासारखी वागायची. हे काय, उठता बसता 'आभारी आहे' म्हणतंय आणि बिटाचा रस पितंय! तरी पुस्तक त्यांनी एका बैठकीत संपवलं होतं. सायकलवाल्याची बायको मात्र नुसती हसत होती. तिच्या नवऱ्यानं जन्मात पहिल्यांदा तिला काहीतरी बरं म्हटलं होतं, आणि तेही ह्याच पुस्तकातलं उचलून: 'सगळी कपाटं धुंडाळली, तुझ्यावर औषध नाही.'

"आजवर म्हणायचे, तुझ्या स्वभावाला औषध नाही," ती म्हणाली. "बघा, एक शब्द गाळला तर माणूस केवढा सुधारतो!"

हे सगळं ऐकून घेणाऱ्या तारीखबाई गावच्या वाचनालयात बत्तीस वर्षं टेबलामागे बसत होत्या. पुस्तकावर तारखेचा शिक्का मारायचा म्हणून तारीखबाई. खरं नाव हजेरीपटाशिवाय कुठं उरलं नव्हतं. प्रत्येकाला 'असं का?' म्हणत त्या शिक्का मारायच्या आणि आतल्या आत फुलायच्या, कारण 'रात्रपाळीचा नवरदेव' ही कादंबरी त्यांनीच लिहिली होती. टोपणनाव पुरुषाचं घेतलं होतं. प्रकाशकाशिवाय ही गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. घरी थोरली बहीण होती, तिलाही नाही. तिला तर मुळीच नाही.

का नाही, ते सांगायचं तर वाचनालयाची एक रीत सांगावी लागेल. पुस्तक वाचून झालं की जुने वाचक एका ठरावीक पानावर पेन्सिलीनं आपली खूण करून ठेवतात, तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून. हेडमास्तरांची नागमोडी रेघ एकाहत्तराव्या पानावर, शिंप्याची कात्री बाराव्यावर. नियमानं हा गुन्हा आहे, पण कोणी कोणाला बोलत नाही. थोरल्या बहिणीची, म्हणजे ताईची, खूण एकतिसाव्या पानावर असायची, गोलात टिंब.

बत्तीस वर्षांपूर्वी ताई इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर होती. शेजारच्या औषधाच्या दुकानात रात्रपाळीला एक कंपाउंडर होता. दिवसभर झोपायचा, चेहरा पांढराफटक, अंगात बारा महिने काळा स्वेटर. ताई त्याला वटवाघूळ म्हणायची. दोघंही वाचनालयाचे सभासद. तो पुस्तक परत करायचा, त्यात एकतिसाव्या पानाशी चिठ्ठी असायची, आणि संध्याकाळी ताई 'माझं थोडं वाचायचं राहिलंय' म्हणून नेमकं तेच पुस्तक मागायची. आपण फार शहाणे आहोत असं दोघांनाही वाटत होतं. पण परत आलेलं प्रत्येक पुस्तक पाठीला धरून झटकायचं, हे टेबलावरच्या माणसाचं पहिलं काम. त्यातून बसची तिकिटं पडतात, केसांचे आकडे पडतात, एकदा तर कोणाचा तरी एक्स-रे निघाला होता. आणि टेबलावर नुकतीच चिकटली होती ती ताईची धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची छोटी, म्हणजे आजच्या तारीखबाई.

छोटी चिठ्ठी वाचायची आणि परत एकतिसाव्या पानाशी ठेवून द्यायची. असं वर्षभर चाललं. कपाटं धुंडाळण्याची ती ओळ त्यातल्याच एका चिठ्ठीतली. त्या वर्षात तिनं पुष्कळ पुस्तकं वाचली, पण त्या चिठ्ठ्यांइतकं चांगलं काही वाचलं नाही. मग एके दिवशी शेवटची चिठ्ठी आली. त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. 'रविवारी सकाळी दहाच्या गाडीनं निघतोय. आलीस तर दोघं जाऊ. नाही आलीस तर मी समजून घेईन, पुन्हा त्रास देणार नाही.'

ही चिठ्ठी तिनं परत ठेवली नाही. आई नव्हती. बाबा दम्यानं अंथरुणाला खिळलेले. ताई गेली तर घर कोण चालवणार आणि बाबांचं कोण करणार, ह्याला उत्तर एकच होतं, आणि ते उत्तर तिला नको होतं. हे कारण खरंच आहे. दुसरंही एक होतं. तिला कोणी कधी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. हे दुसरं कारण तारीखबाई आजही स्वतःशी चटकन कबूल करत नाहीत, म्हणून मी सांगतो. चिठ्ठी तिनं घरी स्टोव्हवर धरून जाळली.

रविवारी दहा वाजता ताई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. सोमवारी औषधाच्या दुकानात दुसराच माणूस दिसला. ताई कोणाला काही बोलली नाही. आठवडाभर ती नीट जेवली नाही, मग जेवायला लागली. बाबा त्यानंतर सहा वर्षं जगले. ताईला दोन स्थळं आली, तिनं दोन्ही परतवली. छोटीला तर कोणी विचारायलाच आलं नाही. दोघी त्याच दोन खोल्यांत म्हाताऱ्या होऊ लागल्या.

म्हणून मग ही कादंबरी. तिच्यात औषधाच्या दुकानातलं सभ्य पिशाच्च होतं, नायिका त्याला वटवाघूळ म्हणत होती, एकतिसावं पान होतं, आणि चिठ्ठ्या चोरतंय कोण, हे रहस्य होतं. चोर निघते वाचनालयात झाडलोट करणारी एक फाकडी मावशी. शेवटच्या प्रकरणात सगळे तिला हसत हसत माफ करतात आणि लग्नात तीच सगळ्यात जास्त नाचते. वाचक त्या मावशीवर बेहद्द खूश होते. माफी मिळवायची ही मोठी सोयीची तऱ्हा झाली. गावभर लोकांना हसवायचं आणि जिची माफी मागायची तिच्या हाताला पुस्तक लागू द्यायचं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून ताई कादंबऱ्या वाचत नाही, वर्तमानपत्रापुढे जात नाही, ह्या भरवशावर बाई निवांत होत्या. बत्तीस वर्षं झाकलेलं आपल्याच हातानं छापून गावात वाटायचं, ह्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

घडायचं ते घडलं, आणि टेबलाला वळसा घालून घडलं. सायकलवाल्याची बायको ती ओळ सांगत सुटली होती. पिठाच्या गिरणीत तिनं ती ताईलाही ऐकवली. ताईनं दळण तिथंच ठेवलं, तिच्याबरोबर तिच्या घरी गेली आणि पुस्तक मागून घेतलं. चार दिवसांनी सायकलवालीनं ते परत आणलं. तारीखबाईंनी सवयीनं झटकलं, सवयीनंच एकतिसावं पान उघडलं. पानाच्या कोपऱ्यात गोलात टिंब होतं.

त्या दिवशी तारीखबाईंनी तिघांच्या पुस्तकांवर चुकीची तारीख मारली. संध्याकाळी घरी गेल्या त्या मान खाली घालूनच. आता ताई बोलेल, मग बोलेल. ताई मात्र गुणगुणत होती. दुसऱ्या दिवशी तिनं बाहेरच्या खोलीचा पडदा धुतला. आठवड्यानं चष्म्याची फ्रेम बदलून आली आणि "बरी दिसते का गं?" असं विचारलं. दारावर पोस्टमनची चाहूल लागली की गुडघे विसरून आधी ती उठायची. चोराच्या मनात चांदणं; हिला सगळं कळलंय आणि ही आपल्याला हाल हाल करून मारतेय, असं तारीखबाई धरून चालल्या. तीन आठवडे त्यांना धड झोप लागली नाही.

मग प्रकाशकाकडून वाचनालयाच्या पत्त्यावर एक जाड पाकीट आलं. वाचकांची सतरा पत्रं. त्या दुपारी वाचनालयात कोणी नव्हतं. एका मुलीनं लिहिलं होतं, असा नवरा कुठं मिळेल ते कळवा. एका गृहस्थांनी रक्तगटांविषयी चार पानं लिहिली होती. अकरावं पत्र हातात आलं आणि पाकिटावरचं अक्षर बघून तारीखबाई उठल्या, दाराला कडी घातली.

'वटवाघूळ,' ताईनं लिहिलं होतं, 'नाव बदललंस तरी ओळखलं. एकतिसावं पान आपल्या दोघांशिवाय कोणाला माहीत होतं? तू न सांगता गेलास असं मी इतकी वर्षं समजत होते. रोज मनातल्या मनात तुला फार वाईट बोलले, ते सगळं परत घेते. तू चिठ्ठी ठेवली होतीस हे तुझ्या पुस्तकातून कळलं. दहा वाजता मी कपडे वाळत घालत होते रे. तू त्या चोर मावशीला माफ केलंस. तुझा स्वभाव तसाच राहिला. मला जमणार नाही. ते तेव्हाचे म्हातारे ग्रंथपालच असणार, चष्म्यावरून बघायचे ते. आता वारले, तरी माफ नाही. छोटी तेव्हा नुकती लागली होती, तिला पुस्तकं रचण्यापलीकडे काही कळत नव्हतं. तुझा संसार असेल, मला काही नको. तू आहेस, एवढं एका ओळीत कळव. छोटी बरी आहे. तिनं लग्न केलं नाही. मी एकटी पडेन म्हणून राहिली बिचारी.'

तारीखबाईंनी हे पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा 'बिचारी'च्या पुढे जाता येईना.

मग त्यांनी काय करावं? कोरा कागद घेतला, अक्षर बदललं आणि लिहिलं, 'आहे. बरा आहे.' त्याच्यासारखं लिहिणं त्यांना त्याच्यापेक्षा चांगलं जमत होतं. दोष मेलेल्या माणसाच्या माथी बसला होता, तो उठून सांगायला येणार नव्हता. ताई खूश राहिली असती. मूग गिळून बसायचा सराव तर बत्तीस वर्षांचा होता. पण त्या तीन शब्दांकडे बघताना त्यांना लाज वाटली, आणि जन्मात पहिल्यांदा ती वेळेवर वाटली. कागद फाडून त्या घरी निघाल्या. खरं सांगून टाकलं की सुटलो, अशी त्यांची समजूत होती.

ताई स्वयंपाकघरात खाली बसून वाटाणे सोलत होती.

"ताई, ती कादंबरी मी लिहिली."

"कुठली?"

"रात्रपाळीचा नवरदेव."

ताई हसली. "तू? तू शिक्के मार. जा, हातपाय धू, चहा ठेव."

"मीच लिहिली. तुमच्या चिठ्ठ्या मी वाचायचे. पुस्तक झटकलं की पडायच्या. वाचून परत ठेवायचे. शेवटची... शेवटची नाही ठेवली. जाळली."

ताईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं विचारलं, "बाबांसाठी?"

"बाबांसाठी. आणि माझ्यासाठी पण."

तारीखबाई थोबाडीत बसण्याची वाट बघत होत्या. बसली असती तर बरं वाटलं असतं. ताईनं शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले.

"म्हणजे त्यानं नाही लिहिलं," ती म्हणाली.

"नाही."

"त्याला माहीतसुद्धा नाही."

"नाही, ताई."

"मग तो कुठंय?"

"मला नाही माहीत."

"आहे तरी का?"

ताई नवीन फ्रेमचा चष्मा काढून पदरानं पुसायला लागली. पुसून झाला तरी तिनं तो लावला नाही.

"चिठ्ठीचं मी कधीतरी गिळलं असतं गं," ती म्हणाली. "बाबा तसे होते, तू पोर होतीस. पण आज कशाला सांगितलंस? तीन आठवडे होता तो. कुठंतरी बसून माझं आठवून आठवून लिहीत होता. केस पिकले असतील का त्याचे, एवढ्यापर्यंत आले होते मी."

"मग काय, खोटं उत्तर पाठवायचं होतं?"

"तेही तूच लिहिलं असतंस."

तारीखबाई रडायला लागल्या. "ताई, मी चुकले. माफ कर," असं काहीबाही त्या म्हणत होत्या, आणि ते शब्द त्यांच्याच शेवटच्या प्रकरणातले आहेत हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. ताईच्या आलं असावं, कारण तिनं मान फिरवली.

"माझं पत्र कुठंय?" तिनं विचारलं.

तारीखबाईंनी ते पर्समधून काढून दिलं. ताईनं हात पुसले, पाकीट डोळ्यांजवळ नेलं, फाडलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"वाचलंस?"

"माझ्याच नावावर आलं होतं ना, ताई."

"तुला नव्हतं लिहिलं," ताई म्हणाली, आणि भिंतीचा आधार घेत उठून पत्र घेऊन आतल्या खोलीत गेली.