ट्रेमधलं लाल पीस

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकत असेल, त्याची आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही नदीला पाणी आलं की बंद. ही वही मुलीची आहे, मागची पानं कोरी राहिली होती म्हणून घेतली. कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण कधी कोणाच्या हाती पडलीच, तर माफी तेवढ्यापुरतीच समजावी. पुढे जे लिहिते त्यातल्या एका चुकीचे पैसे मी भरले. बाकी कशाचीही माफी मी मागणार नाही.

मी नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीत कामाला जाते. आमच्या शेडवर आम्ही सहा बायका. अंडी गोळा करायची, फुटकी वेगळी काढायची, कागदी ट्रेत भरायची. ट्रेच्या खळग्यांना आम्ही घरं म्हणतो. पाच ओळी, एकेका ओळीत सहा, अशी तीस घरं.

आमच्यात सगळ्यात मोठी जी बाई आहे तिला आम्ही मावशी म्हणतो. ती आमच्याच चर्चच्या मंडळीतली. दर रविवारी माझ्या आधी चर्चमध्ये येऊन चटया अंथरते. कित्येक वर्षं येते, पण तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्यामुळे प्रभुभोजनाचं, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळणाऱ्या भाकरीचं, ताट फिरायला लागलं की ती मागे सरकून दाराजवळ बसायची. ताट पुढून जायचं आणि ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहायची.

बाप्तिस्म्याआधी मंडळीचे पंच प्रश्न विचारतात. विचारणारे आमचे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, कमिटीचे सेक्रेटरी. दहा आज्ञा ओळीने म्हणायच्या, विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते, म्हणायचा, आणि सगळं पुस्तकातल्या मराठीत. आम्ही घरी, शेतात, शेडवर आमच्या बोलीत बोलतो. मराठी ही आम्हाला शाळेची आणि तलाठ्याची भाषा. मावशी तर शाळेच्या पायरीवरही चढलेली नाही. ती दोनदा उभी राहिली आणि दोनदा काही न बोलता खाली बसली.

"मला येतं गं सगळं," ती मला म्हणाली, "पण ते खुर्च्या मांडून समोर बसले की भातावरची पाखरं उठावीत तसं डोक्यातून उडून जातं."

"मावशी, वीस वर्षांपूर्वीच्या लग्नात कोण कशावरून रुसलं ते तू सांगतेस. ते नाही उडत?" मी म्हटलं.

"ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं," ती म्हणाली. "तुमचं पुस्तक मला कुठे दिसतं?"

हे तिचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं.

मी लाजरी आहे. चर्चमध्ये उभं राहून प्रार्थना करायला सांगितली तर मी शेजारणीला पुढे करते. पण शेडवर सहा जणींत मला बोलता येतं. एक गोष्ट मी रोज पाहत होते. मावशी ट्रे भरताना दुसरीकडे बघत गप्पा मारायची आणि मधेच म्हणायची, "तिसऱ्या ओळीतलं दुसरं काढ, त्याला चीर आहे." बघावं तर खरंच असायची. कोणत्या घरात काय ठेवलं ते तिच्या हाताला माहीत असतं.

म्हणून मी एक जुना, कडेला फाटलेला ट्रे घेतला आणि त्याच्या घरांत वस्तू ठेवायला लागले. पहिलं घर रिकामं, कारण सुरुवातीला काही नव्हतं. दुसऱ्यात चिमूटभर माती, माणूस घडवला ती. पुढे दोन चपटे खडे, देवाने आज्ञा दिल्या त्या पाट्यांचे. हरवलेल्या मेंढरासाठी कापसाचं बोंड. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांच्या गोष्टीला उकई धरणातल्या मासळीचा काटा. एका घरात मोहरी, देवाच्या राज्याच्या गोष्टीची. एका घरात बाभळीचा काटा, प्रभूच्या डोक्यावरच्या काट्यांच्या मुकुटाचा. आणि तिसावं घर पुन्हा रिकामं, कारण कबर रिकामी होती.

जेवणाच्या सुट्टीत शेडच्या पत्र्याच्या सावलीत बसून मी रोज एकच घर सांगायची. आदल्या संध्याकाळी शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, तो भाग बोट ठेवून वाचायची. मला एक पान वाचायला भाकरी थापून होतात तेवढा वेळ लागतो, पण मी नीट वाचते. दुसऱ्या दिवशी आमच्या बोलीत सांगायची आणि मग मावशीकडून उलट ऐकायची. तिचं काही सुटलं तर बाकीच्या ओरडायच्या. त्यातल्या दोघी आमच्या मंडळीच्या नाहीत. त्यांचा देव त्यांच्याकडे आहे. मी त्यांना या म्हटलं नाही आणि जा पण म्हटलं नाही. पण सगळ्यात जास्त चुका त्याच पकडायच्या.

"बापाने लांबूनच त्याला पाहिलं, मग तो उठून धावला," मावशी घर सोडून गेलेल्या उधळ्या मुलाची गोष्ट सांगत होती.

"आधी धावला नाही, आधी कळवळला," त्या दोघींतली एक तोंडात घास घेऊन म्हणाली. "काल हिने तसं सांगितलं होतं."

"धावता धावता कळवळला असेल. म्हाताऱ्याला दोन्ही जमत नाही होय?"

असं ते चालायचं. चोविसाव्या घराशी मी अडले. प्रभूचा शिष्य पेत्र, त्याने प्रभूला तीनदा ओळख दाखवली नाही आणि कोंबडा आरवला, ती गोष्ट. कोंबडा कुठून आणायचा? आमच्या शेडमध्ये हजारो कोंबड्या, सगळ्या पांढऱ्या, पण कोंबडा एकही नाही. घरी माझ्या अंगणात शेजाऱ्यांचा गावठी कोंबडा येऊन माती उकरतो. त्याचं एक लाल पीस कुडाजवळ पडलं होतं. चांगलं लांब, उन्हात चमकणारं. मी ते पदरात बांधलं आणि कामावर नेऊन चोविसाव्या घरात खोचलं.

ही माझी चूक. पोल्ट्रीत आत जाताना औषधाच्या पाण्यात पाय बुडवावे लागतात. घरी कोंबड्या पाळायच्या नाहीत, गावच्या कोंबड्यांचं काही आत आणायचं नाही, हे पहिल्या दिवशी सांगून सही घेतात. मागे एकदा रोग आला तेव्हा खड्डे खणून कोंबड्या पुरल्या होत्या, ते मी स्वतः पाहिलं आहे. तरीही ते पीस उचलताना माझ्या मनात रोग आला नाही. फक्त पेत्र आला.

आमचा सुपरवायझर तापीकाठचा, अहिराणी बोलणारा. तो ट्रे मोजत आला आणि थांबला.

"बाई, हाई लाल पीस आठे कसं उनं?" त्याने विचारलं, म्हणजे इथे कसं आलं. "आपला शेडमा एकबी कोंबडा नही."

मावशी पुढे व्हायला लागली तसा मी तिचा हात धरला.

"मी आणलं," मी म्हटलं. "माझं आहे."

तो ओरडला नाही. त्याचं तोंड उतरलं, त्याची मला जास्त भीती वाटली. "रोग उना तर मन्ही नोकरी जाई, तुन्ही बी जाई, या सगळ्यास्नी जाई," तो म्हणाला. त्या दिवशी शेडमधले सगळे रिकामे ट्रे बाहेर नेऊन जाळले. माझा तीस घरांचा ट्रेही त्यातच गेला. पूर्ण शेडला दोनदा फवारणी केली. कोंबड्यांना काही झालं नाही, देवाची कृपा. ट्रेचे आणि औषधाचे मिळून दोन हजार चारशे रुपये माझ्या नावावर लागले. आठवड्याच्या मजुरीतून दोनशे कापायचं ठरलं. जेवणाच्या सुट्टीत बोलायला त्याने मनाई केली नाही. वस्तू आत आणायला केली. ते बरोबरच होतं.

आमच्या गावात गोष्ट पोचायला वेळ लागत नाही. रविवारी उपासना झाल्यावर गुरुजींनी मला थांबवलं. उपासना चालवणारे आमचे पाळकसाहेब पलीकडे चटया गोळा करत होते.

"बहीण, पैसे मंडळी भरेल," गुरुजी म्हणाले. "गरिबांसाठी पेटी आहेच. फक्त एक कागद लिहून दे, की तू शिक्षण नसताना देवाचं वचन सांगितलंस, ते चुकलं, आणि यापुढे सांगणार नाहीस. त्या बायकांना रविवारी कोणी शिकलेला माणूस पुस्तक वाचून दाखवेल."

मी खाली बघत होते. दोन हजार चारशे रुपये म्हणजे मुलीच्या शाळेच्या बसचे कितीतरी महिने.

"वचनात भर घालू नये, एवढंच माझं म्हणणं," ते पुढे म्हणाले. "आज तू कापसाला मेंढरू म्हणतेस. उद्या कोण कशाला काय म्हणेल?"

ते वाईट माणूस नाहीत. माझ्या मुलीला त्यांनीच पाढे शिकवले. पण त्या दिवशी मी कोणाला पुढे केलं नाही. आवाज बारीक होता, पण शब्द पूर्ण निघाले.

"पिसाची चूक माझी, ती मी भरीन," मी म्हटलं. "पण वचन सांगितलं ती चूक नाही, गुरुजी. त्यासाठी मी कागद लिहिणार नाही. प्रभू पण बी दाखवून, मासळी दाखवून, नाणं दाखवून सांगत होता. ऐकणाऱ्यांना वाचता येतं का, हे त्याने आधी कुठे विचारलं?"

"मग पुढच्या महिन्यात पंच बसतील तेव्हा मावशीचं काय?" गुरुजी म्हणाले. "तो ट्रे तर जळाला."

मी चप्पल घालून निघाले.

तो महिना मी मनातून घाबरलेली होते, ते खोटं कशाला लिहू. मावशी तिसऱ्यांदा बसली असती तर चौथ्यांदा उभी राहिली नसती, ती तसं बोलली होती. वस्तू आणायच्या नाहीत म्हणून आम्ही रोज जेवून झाल्यावर सिमेंटच्या जमिनीवर हात फिरवायचो. "इथे माती. इथे खडे." बाकीच्या चौघी चुका पकडायला होत्याच. सुपरवायझर एकदा जवळून गेला, रिकाम्या जमिनीकडे बघत उभा राहिला आणि डोकं हलवत निघून गेला.

पंच बसले त्या दिवशी चर्चमध्ये पाच प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मावशीसाठी सहावी होती.

"खुर्ची नको," मावशी म्हणाली. "मला खाली बसू द्या."

ती फरशीवर बसली, पदराने समोरची जागा पुसली आणि बोट टेकवलं. पहिल्या घरापासून सुरू झाली. आमच्या बोलीत. गुरुजी दोनदा म्हणाले, "मराठीत." पाळकसाहेब म्हणाले, "गुरुजी, मला कळतंय, तुम्हालाही कळतंय. बोलू द्या." चपट्या खड्यांपाशी ती आली, तेव्हा तिने दोन बोटं टेकवली. एका खड्यावर देवाशी कसं वागायचं, दुसऱ्यावर माणसाशी कसं वागायचं. दहाच्या दहा आज्ञा निघाल्या. ओळीने नव्हत्या, चोरी आणि लोभ मागेपुढे झाले. मी माझ्या जागेवर नखं खात होते.

गुरुजींनी मधूनच विचारलं, "पेत्राने काय केलं?"

मावशीचं बोट न अडखळता चौथ्या ओळीच्या शेवटी गेलं. "तीनदा म्हणाला, मी याला ओळखत नाही. मग कोंबडा आरवला, आणि तो बाहेर जाऊन रडला." ती माझ्याकडे वळली. "त्या कोंबड्याचं पीस आमच्या हिला फार महाग पडलं."

पाळकसाहेब हसले. आणखी एक पंचही हसले. गुरुजी हसले नाहीत. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि ते वाकून त्या फरशीकडे बघायला लागले, जणू तिथे खरंच काही ठेवलेलं होतं.

शेवटी मावशीचं बोट कोपऱ्यात थांबलं आणि ती गप्प झाली.

"इथे काय?" गुरुजींनी विचारलं.

"काही नाही."

"विसरलीस?"

"नाही गुरुजी. इथे काहीच नाही, म्हणून तर मी इथवर आले."

गुरुजींनी वहीत काहीतरी लिहिलं. पाचांपैकी एक पंच शेवटपर्यंत नको म्हणत होते, त्यांचं म्हणणं आजही तेच आहे. पण चौघांनी हो म्हटलं. नाताळाच्या आधीच्या रविवारी नदीत मावशीचा बाप्तिस्मा झाला. पाणी इतकं गार होतं की तिला बाहेर काढल्यावर दात वाजत असल्यामुळे आमेन म्हणता येईना. त्याच दिवशी ताट फिरलं. मावशी दारापाशी सरकली नाही. माझ्या शेजारी बसून राहिली. ताट आलं तेव्हा तिने आधी भाकरीकडे पाहिलं, मग हळूच मला विचारलं, "घेऊ ना?" मी म्हटलं, "घे."

शिकवणाऱ्यांच्या यादीत मंडळीने माझं नाव घातलेलं नाही. मी विचारायला गेले नाही, जाणारही नाही. मला सांगायला यादी लागत नाही. विसरवाडीकडच्या शेडवर दोन नवीन बायका आल्या आहेत, त्या आता जेवायला आमच्याकडे येतात.

मागच्या शनिवारी बारावा आठवडा भरला. सुपरवायझरने मजुरी मोजली, त्यातले दोनशे बाजूला काढले आणि वहीतल्या माझ्या नावापुढे आडवी रेघ मारली.

"हाऊ हिशोब मिटना," तो म्हणाला. त्यांच्यात मिटना म्हणजे मिटला. "आते परत पीस नको आनजो, बाई."

"पीस नाही आणणार," मी म्हटलं. "गोष्ट सांगणार."

मग मी त्याला वही माझ्याकडे फिरवायला लावली आणि बोट ठेवून वाचलं. दोन हजार चारशे, सगळे जमा. सगळे माझ्या हातचे.